देठांसकट

दिवे गेले, आले, परत गेले, परत आले, आणि ग्लेनिसचे दोन्ही हात छातीसमोर हवेतच अडकून राहिले. रंगमंचावर नोरीनचं काम करणारी मुलगी वाक्याच्या मधोमध थांबली. वरून कुणीतरी "फ्यूज गेला का रे?" म्हणून ओरडलं. दुपारचे अडीच वाजले होते, पण सभागृहाच्या खिडक्यांना काळी कापडं ठोकलेली असल्यामुळे क्षणभर सगळे एकमेकांना दिसेनासे झाले होते. फ्यूज गेलेला नाही हे फक्त ग्लेनिसला कळलं. बहिऱ्या आईबापांच्या घरात वाढलेल्या माणसाच्या अंगात ही हाक मुरलेली असते. जेवायला बोलवायचं असलं, भांडण थांबवायचं असलं, की आई उठून बटण खालीवर करायची. तिनं मान वळवली. मागच्या दाराशी, बटणावर अजून बोट ठेवून, बेरिल पॅस्को उभी होती. सत्तरीची, जन्मापासून बहिरी, पांढऱ्या केसांना निळसर झाक, हातात पर्स. तिनं पर्स काखेत मारली, हात मोकळे केले आणि तेवढ्या लांबून विचारलं, "हे काय केलंस तू?"

"काय केलं?" ग्लेनिसनं हातांनीच विचारलं.

"धुतलंस," बेरिल म्हणाली. कपडा चोळून पिळावा तशी मुठींवर मूठ घासून. "साबण लावून धुतलंस."

पुढच्या शनिवारी दुपारचा खेळ बहिऱ्या प्रेक्षकांसाठी होता. डावीकडच्या पहिल्या चार रांगा त्यांच्या, आणि त्यांच्यासमोर काळ्या कपड्यांत उभं राहून रंगमंचावरचं प्रत्येक वाक्य हातांत उतरवायचं काम ग्लेनिस टकवेलचं. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलमध्ये कोर्टात, इस्पितळात, शाळेत जिथे म्हणून बहिरं माणूस आणि ऐकणारं माणूस समोरासमोर यायचं तिथे मध्ये ग्लेनिस उभी असायची. वीस वर्षं तिचा हाच धंदा होता. नाटक मात्र पहिल्यांदाच. तिचे हात बहिऱ्या माणसाला नीट पोचतात की नाही हे बघायला बेरिलला नेमलं होतं, आणि बेरिल तीन दिवस एक अक्षर न बोलता तिसऱ्या रांगेत बसून होती. आज नोरीनचं भाषण आलं आणि तिनं दिवेच घालवले.

नाटकाचे रात्रीचे खेळ आधीच सुरू झाले होते आणि ते भाषण अख्ख्या गावाला माहीत होतं. फ्रँकी मोरोनीनं लिहिलेलं नाटक, दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरच्या मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यातल्या बायकांचं. यंत्रात डल्सीची बोटं जातात. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापक फुलांचा गुच्छ घेऊन येतो आणि सगळ्यांसमोर म्हणतो, डल्सीनं जरा लक्ष द्यायला हवं होतं. मग नोरीन हातातली सुरी फळीवर ठेवते, एप्रनला हात पुसते आणि सव्वा पानभर त्याला शिव्या देते. वर्तमानपत्रात पत्रं आली होती. कुणी लिहिलं, ही कला नव्हे, गटार आहे. कुणी लिहिलं, माझी आई त्याच कारखान्यात होती, याहून वाईट बोलायची, देव तिचं भलं करो.

बेरिलनं संहितेचं पान नाकापर्यंत आणून वाचलं आणि मग हातांनी म्हणून दाखवलं. "नोरीन काय म्हणते? 'ही फुलं घाल तुझ्या गांडीत, देठांसकट, आणि रोज सकाळी पाणी घाल रांडेच्या, बघू काय उगवतंय.' हेच आहे ना इथे? आणि तुझे हात काय म्हणाले? 'मला फार राग आला आहे. कृपया ही फुलं परत न्या.' असा पाद्री रागावतो. मासे कापणारी बाई अशी रागावते होय?"

फ्रँकी मोरोनी रांगांमधून पुढे आली. पन्नाशीची, बुटकी, स्वतः वळलेली सिगारेट न पेटवता ओठात धरलेली. "काय म्हणतेय ती? काही चुकलंय का?"

"ती म्हणते," ग्लेनिस म्हणाली, "थोडी सुधारणा करता येईल."

बेरिलचे डोळे ग्लेनिसच्या ओठांवर होते. "हेही धुतलंस," ती म्हणाली.

तालीम संपल्यावर ग्लेनिस बंदराच्या कडेनं चालत निघाली. कोळशाचं एक जहाज आत येत होतं, एवढं मोठं आणि एवढं हळू की तेच थांबलंय आणि गावच मागे सरकतंय असं वाटावं. ती स्वतःच्या हातांकडे बघत चालली होती. तिला खरंच कळलं नव्हतं. तिला वाटत होतं आपण सगळं दिलं, शब्दाला शब्द. तिनं घरी आरशासमोर तयारी केली होती, कुठे करंगळी, कुठे मूठ, सगळं वहीत लिहून काढलं होतं. खुणांच्या भाषेत अंगठा म्हणजे चांगलं आणि करंगळी म्हणजे वाईट. त्या करंगळीच्या पोटात केवढी घाण मावते हे तिला तान्हेपणापासून ठाऊक होतं. मग वहीतून हवेत येताना ती घाण गेली कुठे? एखाद्या बाईला अचानक कळावं की आपण झोपेत रोज उठून घर झाडतो, तसं तिला झालं. आपल्या नकळत आपल्या आत कुणीतरी चोख काम करतंय. त्या कामवालीला तिनं कधी बघितलं नव्हतं, पण ती किती वर्षांची आहे हे तिला माहीत होतं. अकरा.

पाच वर्षांची असल्यापासून ती बापाचं तोंड होती. खाटिकाकडे, डॉक्टरकडे, दारावर आलेल्या विमावाल्यासमोर. मर्व टकवेल रेल्वेचे डबे बांधणाऱ्या कारखान्यात पत्रे दाबायचा मोठा प्रेस चालवायचा. तिथे एवढा आवाज असे की ऐकणारी माणसंही संध्याकाळपर्यंत त्याच्यासारखीच होत. घरी आला की त्याचे हात सुटायचे. आईला ते आवडायचं नाही, ती जेवणाच्या टेबलाखालून त्याच्या नडगीवर पाय मारायची, "मुलगी बघतेय." पण तो बोलायला लागला की बघत राहावंसं वाटायचं. तो नुसतं "मुकादम मूर्ख आहे" असं कधी म्हणालाच नाही. तो आधी मुकादमाचं पोट आणायचा, मग त्या पोटावर पट्टा, मग पट्ट्याखालून हळूच, फार हळूच, करंगळी वर येऊ द्यायचा, आणि गाल असे फुगवायचा की ती करंगळीच मुकादम व्हायची, इकडे तिकडे बघायची, शिट्टी वाजवायची. ग्लेनिस खुर्चीवरून पडेपर्यंत हसायची. शिवी ही एक वस्तू आहे, ती करवतीनं कापून, कानस मारून, पॉलिश करून मग समोर ठेवायची असते, हे तिनं बापाकडून बघितलं होतं. आणि खाटिकाच्या दुकानात तोच बाप हातांनी म्हणायचा, "मागच्या वेळी या हरामखोरानं मला निम्मी चरबी दिली, त्याला सांग माझी बायको चरबी खाऊन चरबी झाली तर याच्याच दाराशी आणून टाकीन," तेव्हा ती पायाच्या बोटांवर उभी राहून म्हणायची, "बाबा म्हणतात, आज जरा कमी चरबीचं द्याल का, प्लीज." खाटीक हसून म्हणायचा, किती सज्जन माणूस! तिला बरं वाटायचं. सगळं गाव तिच्या बापाला सज्जन समजत होतं आणि ते तिनं केलं होतं, एकटीनं.

सहासष्ट सालच्या त्या सकाळी तिला शाळेतून बोलावून नेलं होतं. कारखान्याच्या कचेरीत लाकडाला पॉलिश केल्याचा वास होता. आल्डस नावाचे साहेब टेबलामागे बसले होते आणि बाप टेबलासमोर उभा होता, हात बोलायला मोकळे हवेत म्हणून टोपी काखेत. आदल्या दिवशी त्याच्या प्रेसमध्ये कॉल हिकी नावाच्या कामगाराची दोन बोटं गेली होती. आल्डस साहेबांनी तिला समजावून सांगितलं, हळू, प्रेमानं, की कॉल ओरडला होता पण तुझ्या बाबांना ऐकू आलं नाही, यात त्यांचा तसा दोष नाही, पण बहिऱ्या माणसाला यंत्रावर ठेवणं ही आमचीच चूक झाली. ते तिनं बापाला सांगितलं. बापाचा चेहरा आधी पांढरा झाला. मग त्याचे हात वर आले, आणि तिनं बापाला तसं बोलताना आधी कधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही. त्या हातांत जेवणाच्या टेबलावरची गंमत नव्हती. "त्याला सांग, प्रेसची जाळी तुटलेली आहे. मी तीनदा कागदावर लिहून दिलं. तीनदा. त्याला सांग, तू माणूस नाहीस, खुर्चीला चिकटलेली गांड आहेस. ती गांड एकदा उचल, खाली आण, माझ्या प्रेसखाली ठेव, आणि मग मला सांग भडव्या, कुणी ओरडलं की यंत्र थांबतं का." त्या खोलीतली हवा त्याच्या हातांनी कापली जात होती. आल्डस साहेब तिच्याकडे बघत होते, बापाकडे नाही. त्यांचा चष्मा स्वच्छ होता. तिच्या मोज्यांपैकी एक खाली घसरला होता. तिनं ओठ ओले केले आणि म्हणाली, "बाबा म्हणतात, त्यांना फार वाईट वाटतंय. पुन्हा असं होणार नाही."

आल्डस साहेब उठले, टेबलाला वळसा घालून आले, बापाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला बरणीतून बार्ली-साखरेची एक गोड गोळी दिली. बापाला प्रेसवरून काढून अंगणात झाडू मारायला ठेवलं. तो निवृत्त होईपर्यंत, बावीस वर्षं, झाडू मारत होता. त्या दिवसाबद्दल त्यांच्या घरात कुणी कधी बोललं नाही. आणि ग्लेनिस मोठी झाली, दुभाषी झाली, परीक्षेत पहिली आली, लोक म्हणायचे काय गोड काम करते, नवऱ्यानं, ग्रॅहमनं, एका रविवारी चहा पिता पिता सांगितलं की तो दुसऱ्या बाईबरोबर राहायला चाललाय, तेव्हाही ती म्हणाली, "बरं. तुझे गरम कपडे वरच्या फळीवर आहेत." त्रेचाळीस वर्षांत तिच्या तोंडून एक वाकडा शब्द गेला नव्हता. ती याला स्वभाव समजत आली होती.

दुसऱ्या दिवशी बेरिलनं तिला सरावासाठी घरी बोलावलं. स्वयंपाकघरात ऊन आलं होतं, टेबलावर सॉसेज रोल आणि टोमॅटोचा सॉस. बेरिलनं पानाचे तुकडे केले होते, एकेक वाक्य वेगळ्या कागदावर. "फ्रँकीला मी काल कागदावर लिहून विचारलं," ती म्हणाली, "की एवढ्या शिव्या कशाला? तिनं काय लिहून दिलं बघ." तिनं एक पाकीट पुढे केलं. पाकिटामागे फ्रँकीचं गिचमिड अक्षर होतं: माझी आई मासे कापायची. दिवसभर हाताला बर्फ. बोलायला मिळायचा वेळ एका माशापासून दुसऱ्या माशापर्यंत. तेवढ्यात मावेल असंच बोलायची. शिवी सगळ्यात कमी जागेत सगळ्यात जास्त मावते. मी एकही जास्तीची घातलेली नाही. एक काढून बघ, पूर्ण भाषण कोसळतं.

ग्लेनिसनं ते दोनदा वाचलं. मग नोरीनचं पान पहिल्यांदाच नीट वाचलं, दुभाष्याच्या नजरेनं नाही, गवंड्यानं भिंत बघावी तसं. खरंच होतं. पहिल्या चार ओळींत नोरीन एकही शिवी देत नाही. ती फक्त फुलांची नावं घेते, कुठलं फूल कुठल्या महिन्यात येतं ते सांगते, आणि वाचणाऱ्याचा श्वास वर चढत जातो. मग एक छोटी, जवळजवळ प्रेमळ शिवी. मग डल्सीच्या मुलाचं नाव. मग देठं. आणि नंतर जे येतं ते एका दमात, पण त्यात ताल आहे, जड आणि हलकं आहे, दोन शिव्यांमध्ये एक साधा शब्द विटांमधल्या चुन्यासारखा घातलाय. शेवटच्या ओळीत परत शिवी नाही. "आता जा, माझे मासे वाट बघतायत." ग्लेनिसला वाटलं, हे मी ओळखते. असं बांधलेलं मी कुठेतरी आधी बघितलंय. पोट, पट्टा, आणि मग हळूच करंगळी.

तिनं सगळं बेरिलला सांगून टाकलं. कचेरी, चष्मा, गोळी. हात सांगत गेले आणि तिनं त्यांना थांबवलं नाही. "मी माफी मागितली, बेरिल. त्याच्या तोंडानं. म्हणून तो दोषी ठरला. त्यानं बावीस वर्षं झाडू मारला आणि त्याला माहीतसुद्धा नाही का."

बेरिलनं सॉसेज रोल खाली ठेवला आणि बोटं रुमालाला पुसली. सॉस लागलेल्या हातांनी हे बोलायचं नव्हतं. "माहीत नाही? अगं, मर्वनं त्याच शुक्रवारी बहिऱ्यांच्या क्लबात येऊन सांगितलं. 'मी त्याच्या तोंडावर तोफ डागली,' म्हणाला, 'आणि तो उठून आला आणि माझा खांदा थोपटला! एक तर तो वेडा आहे, नाहीतर माझ्या पोरीनं तोफेत फुलं भरली.' आम्ही हसून हसून लोळलो. नंतर कितीतरी वर्षं आम्ही त्याला ती गोष्ट परत परत सांगायला लावायचो. नवीन माणूस आला की, मर्व, तोफ सांग."

ग्लेनिसला क्लब आठवला. शुक्रवारी कोटांच्या ढिगावर तिला झोपवायचे आणि अर्धवट मिटल्या डोळ्यांनी तिला बापाभोवतीचा घोळका दिसायचा, हसणारी, जमिनीवर पाय आपटणारी माणसं. तिला वाटायचं बाबा मुकादमाची नक्कल करतायत. "मग तो मला कधी काहीच का बोलला नाही?"

"काय बोलणार?" बेरिल म्हणाली. "तू अकरा वर्षांची होतीस. तुझा मोजा घसरला होता, असं सांगायचा तो. गोष्टीत ते नेहमी यायचं. ते आलं की तो हसायचा थांबायचा, आणि मग आम्हीही." तिनं केटलीखालचा गॅस बंद केला आणि परत येऊन बसली. "आणि खोटं कशाला सांगू, त्याला वाईट वाटलं होतं. झाडू मारावा लागला याचं नाही एवढं. ती शिवी वाया गेली याचं. म्हणायचा, आयुष्यातली सगळ्यात चांगली शिवी होती आणि ज्याच्यासाठी केली त्या माणसाला ती मिळालीच नाही." मग तिनं पहिला कागद उचलला. "चल. देठांपासून. आणि चेहरा घरी ठेवून आलीस तर हात मोडीन."

चार दिवस त्या सराव करत होत्या. बेरिल तिचा खांदा धरून मागे ढकलायची, हनुवटी वर करायची, "पोटातून काढ, मनगटातून नको" म्हणून पोटावर टिचकी मारायची. ग्लेनिसला पहिल्यांदा लाज वाटत होती, कान तापायचे. तिसऱ्या दिवशी काहीतरी झालं. शिवी हातातून सुटली आणि तिच्या मागोमाग दंड, खांदा, पाठीचा कणा असं सगळं ओढल्यासारखं पुढे आलं, आणि आत जिथे ती अकरा वर्षांची मुलगी फडकं घेऊन उभी असायची तिथे कुणी नव्हतं. फक्त वारा होता. ती मटकन खुर्चीत बसली. बेरिलनं अंगठा दाखवला आणि चहा ओतला.

गुरुवारी ती नेहमीप्रमाणे बापाकडे मेफील्डला गेली. चौऱ्याहत्तरीचा मर्व टकवेल आता एकटाच राहत होता, दाराची घंटा वाजली की खोलीतला दिवा लुकलुकेल अशी सोय करून घेतलेली. तिनं चॉप्स भाजले, त्यानं मटार सोलले. जेवताना तिनं दोनदा हात वर केले आणि दोनदा काटा उचलला. सांगायचं ते एवढं मोठं होतं की कुठून धरून उचलावं कळत नव्हतं. खुणांच्या भाषेत अहो-जाहो नसतं. समोरच्याकडे बोट करायचं, झालं, तो तू असतो, बाप असो की न्यायाधीश. त्यामुळे मोठी गोष्ट लपवायला जागाच नसते.

शेवटी तोच म्हणाला, "बेरिलनं शनिवारचं तिकीट आणून दिलंय. शिव्या आहेत म्हणे."

"आहेत."

"पुष्कळ?"

"सव्वा पान."

त्यानं हाडावरचा शेवटचा तुकडा काळजीपूर्वक सोडवला. "तुझ्या हातांना जमतील?" त्यानं विचारलं. त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती आणि तक्रारही नव्हती. प्रेसवर नवीन आलेल्या माणसाला विचारावं तसं विचारलं होतं.

"बघ येऊन," ती म्हणाली.

शनिवारी दुपारी डावीकडच्या चार रांगा भरल्या होत्या. मर्व दुसऱ्या रांगेत कडेला, लग्नाला घालायच्या कोटात. पहिला अंक कसा गेला ते ग्लेनिसला नंतर आठवेना. मग डल्सीची बोटं गेली, रंगमंचावर कुणी किंचाळलं, आणि तिनं ती किंकाळी चेहऱ्यावर घेतली. व्यवस्थापक फुलं घेऊन आला. नोरीननं सुरी खाली ठेवली. ग्लेनिसनं एप्रनला हात पुसले. तिनं एप्रन घातलेला नव्हता, पण चारही रांगांना तो दिसला. मग फुलांची नावं, एकेक, दोन बोटांच्या चिमटीतून उमलवत, सावकाश. तिला ऐकू येत होतं की ऐकणाऱ्यांच्या बाजूला शांतता ताणली गेलीय, आणि दिसत होतं की बहिऱ्यांच्या बाजूला माणसं खुर्चीच्या टोकाशी आलीयत. छोटी प्रेमळ शिवी. मुलाचं नाव. आणि मग देठं आली, आणि सरावामुळे तिचे हात नोरीनच्या तोंडाच्या अर्धा श्वास पुढे होते, त्यामुळे डावीकडच्या चार रांगा आधी फुटल्या. बहिऱ्या माणसांचं हसणं मोकळं असतं. ते कसं ऐकू येतं याची त्यांना पर्वा नसते. तो गडगडाट उजवीकडे पोचतो न पोचतो तोच नोरीनचा शब्द आला आणि दुसरी बाजूही फुटली. नोरीनचं काम करणारी मुलगी एक क्षणभर चमकून तिच्याकडे बघून गेली, आणि मग दोघींनी मिळून उरलेलं सगळं त्या व्यवस्थापकाच्या अंगावर ओतलं, एक तोंडानं, एक हातांनी, विटेवर वीट. ग्लेनिसच्या पाठीवरून घाम वाहत होता. तिला कुणाची लाज वाटत नव्हती. तिला वाटत होतं, काय बांधलंय हे, कुठेही ठोकून बघा, पोकळ वाजत नाही. शेवटच्या ओळीला तिनं हात हळूच खाली आणले. माझे मासे वाट बघतायत. चार रांगांमध्ये हात वर गेले आणि पानांसारखे हलायला लागले, बहिऱ्यांची टाळी. मर्वचे हात मात्र मांडीवर होते. तो पुढे वाकून, डोळे बारीक करून बघत होता, हसतही नव्हता.

खेळानंतर बाहेरच्या दालनात चहा होता, खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक होते, चर्चच्या महिला मंडळाच्या दोन बाया खोबऱ्याचा भुगा अंगावर सांडू नये म्हणून हनुवटीखाली बशी धरून उभ्या होत्या. मर्व गर्दीतून वाट काढत आला.

"कोपर," तो म्हणाला.

"काय?"

"देठांना कोपर वर जातंय तुझं. मग जोर खांद्यात अडकतो. असं." त्यानं कोटाची बाही मागे सारली आणि दालनाच्या मधोमध, चर्चच्या बायांपासून चार हातांवर, करून दाखवलं. त्याचे हात म्हातारे झाले होते, सांधे सुजलेले, पण देठं अशी गेली की ग्लेनिसला आपोआप मागे सरकावंसं वाटलं. "कर." तिनं केलं. "खाली. अजून खाली. हां." त्यानं तिचं कोपर धरून बोटभर खाली आणलं आणि हात तिथेच राहू दिला. चर्चमधली एक बाई दुसरीला म्हणाली, "किती सुंदर दिसते नाही त्यांची भाषा?"

तेवढ्यात फ्रँकी मोरोनी आली, ओठात तीच न पेटवलेली सिगारेट. "हे तुझे वडील? त्यांना विचार, नाटक कसं वाटलं. खरं सांगा म्हणावं."

ग्लेनिसनं विचारलं. मर्वनं फ्रँकीला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं, कोट नीट केला आणि बोलायला लागला. आधी सावकाश, मग मोठे मोठे हात करून. ग्लेनिसनं सगळं बघितलं. उजवीकडे चर्चच्या बाया होत्या, डावीकडे नाटक मंडळीचे अध्यक्ष. तिला जाणवलं की आत, अगदी मागे, कुणीतरी घाईघाईनं फडकं शोधतंय. तिनं श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

"ते म्हणतात," ती म्हणाली, आणि तिथेच थांबली. 'ते म्हणतात' नको होतं. तिनं परत सुरुवात केली, सरळ त्याच्या आवाजात, जो आवाज कधी नव्हताच आणि तिला कायम माहीत होता. "साठ वर्षांत मी एक नाटक बघितलं नाही. नाटकातली माणसं नुसती तोंडं हलवतात, गांडीखाली खुर्ची असल्यासारखी. आज पहिल्यांदा कुणीतरी भडव्याला भडवा म्हणालं आणि ते मला दिसलं. च्यायला, काय लिहितेस बाई तू! एक शिवी जास्त नाही, एक कमी नाही. मी पण या धंद्यातलाच आहे, मला कळतं. आता लिहायची थांबलीस ना, तर तुझ्या हाताला किडे पडोत रांडेचे."

एक बशी कुठेतरी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. ग्लेनिसच्या तोंडात ते शब्द अजून होते. त्यांची चव तिला वाटली होती तशी मुळीच नव्हती, काहीशी लोखंडासारखी होती, स्वच्छ आणि थंड. फ्रँकीनं सिगारेट ओठातून काढली. तिचे डोळे भरून आले होते. ऐकणारी माणसं नेहमी दुभाष्याकडे बघून बोलतात. फ्रँकीनं ग्लेनिसकडे बघितलंच नाही. ती मर्वच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली, मान वर केली आणि एकेक शब्द ओठांनी कोरत म्हणाली, "थेरड्या, गांडीत दम असेल तर पुढच्या शनिवारी परत ये. आणि तुझ्या शिव्या घेऊन ये. मी चोरणार आहे."

ग्लेनिसनं हात उचलले, पण त्याआधीच मर्व हसत सुटला होता. मोठ्यानं, बेसूर, पोट धरून, मध्येच धाप लागून. आयुष्यभर कारखान्यात माणसांनी त्याच्या तोंडावर जे शब्द फेकले होते ते ओठांवरून वाचायला त्याला कुणाची गरज नव्हती. त्यानं खिशातून पेन्सिल काढली, फ्रँकीनं नाटकाचं पत्रक उलटं करून पुढे धरलं, आणि दोघं खिडकीच्या कट्ट्यावर वाकून काहीतरी लिहायला, खोडायला, एकमेकांच्या हातातून पेन्सिल ओढायला लागली.

ग्लेनिस दोघांच्या मागे थोडा वेळ उभी राहिली. कुणी तिला काही विचारलं नाही. मग ती तीन कप चहा आणायला गेली.